आवटी डॉक्टरांचा बोर्ड

"मजकूर तुमीच वाचून दाखवा," मी म्हणालो आणि पुढे आलेला कागद तसाच मागे सारला.

"का हो? माझं अक्षर लागत नाही का?"

"अक्षराला काय झालंय? पण मी कागद बघून बोर्ड लिवत न्हाई. ऐकून लिवतो. कानातनं गेलेला मजकूर चुकत न्हाई, तीस वर्सांचा अनुभव हाय."

ही धडधडीत थाप होती. त्या तीस वर्षांतली अठ्ठावीस वर्षं मी कागद बघूनच बोर्ड लिहिले होते. गेली दोन वर्षं मात्र कागद म्हणजे मला नुसता धुरकट चौकोन दिसायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते ओळखायला मला डॉक्टर लागला नाही, आमच्या घराण्यात साठीच्या आत तो सगळ्यांना गाठतो. पण ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा. पेंटरला दिसत नाही हे एकदा गावाला कळलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप लागलंच म्हणून समजा. त्यात सांगलीहून फ्लेक्स छापून आणायचं खूळ तेव्हा नुकतंच विट्यात शिरलं होतं. लोकांना माझ्याकडून उठायला निमित्तच हवं होतं.

मी रामहरी सुतार. पण विट्यात त्या काळी तुम्ही रामहरी विचारला असता तर कुणी सांगितलं नसतं. 'हरी पेंटर, विटा' आणि खाली साल, अशी माझी सही निम्म्या गावाच्या बोर्डांवर उजव्या कोपऱ्यात होती. एस.टी. स्टँडच्या मागे माझं पत्र्याचं दुकान. दोन हजार दोन सालच्या मार्च महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, तिथे उभ्या होत्या मायणी रस्त्यावर दोन महिन्यांपूर्वी दवाखाना टाकलेल्या डोळ्यांच्या नव्या डॉक्टर. आवाज भारदस्त, बोलणं मोजकं. त्यावरून मी त्यांना पन्नाशीच्या धरून चाललो. चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

या बाईंच्या दवाखान्यावरून मी दोन महिन्यांत निदान दहा वेळा गेलो होतो. दारापर्यंत जायचो, चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकायचो आणि परत फिरायचो. आत जायचा धीर होत नव्हता. माझे उस्ताद मीरासाहेब मुल्ला, कराडचे, ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवला, त्यांनी कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तो डोळा गेला. पुढे नऊ वर्षं जगले, पण ब्रशला शिवले नाहीत. मी भेटायला जायचो तेव्हा माझी बोटं हातात घेऊन चाचपत बसायचे. तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं, आंधळा झालो तर आपोआप होईन, कुणाच्या हातानं होणार नाही.

आणि आता डॉक्टरच माझ्या दारात आल्या होत्या.

"डॉक्टर वृषाली आवटी," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "एम.बी.बी.एस., एम.एस. नेत्ररोग. वेळ सकाळी दहा ते दोन, सायंकाळी पाच ते आठ. रविवारी बंद."

"एम.एस. म्हंजे काय?"

"तुम्हाला ते लिहायचंय फक्त, पेंटरकाका."

"अर्थ कळल्याबिगर मी अक्षर काढत न्हाई." हे मात्र खरं होतं, ती उस्तादांची शिस्त होती. "किती वर्सं लागत्यात त्याला?"

"एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं. त्यानंतर एम.एस. तीन वर्षं, फक्त डोळ्यांची. मिरजेला."

"फकस्त डोळ्यांची? तीन वर्सं एवढ्याशा डोळ्याला?"

"आणि त्यापुढे दोन वर्षं मदुराईला. तिथे मोठं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथे हात बसला."

मी कधी नव्हे ते स्टूल पुसून त्यांना बसायला दिलं. जी माहिती काढायला मला दवाखान्यात जायचं धाडस होत नव्हतं, ती आता घरबसल्या मिळत होती. पेंटर म्हणून विचारायचं आणि पेशंट म्हणून ऐकायचं. असा योग पुन्हा येणार नव्हता.

"एक सांगू का डॉक्टर? भायेरचा बोर्ड मी लिवतोच. पण डिगऱ्या वाचून विट्यातलं माणूस आत येत न्हाई. बाहेर थांबून इचार करतं. हे डॉक्टर कुठलं, कुणाचं, कुणापाशी शिकलं, हात कसा हाय. त्ये कळंल असा अजून एक बोर्ड करा. आत, लोक बसत्यात तिथं लावा. 'डॉक्टरांविषयी माहिती.'"

"बाहेर थांबून विचार करतात, हे तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकून हाय," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "बरं. विचारा मग. काय काय लिहायचं?"

"गाव कुठलं तुमचं?"

"कवठेमहांकाळ. वडील एस.टी.त कंडक्टर होते."

हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. कंडक्टरची पोर म्हणजे हिशोबात आणि माणसांत चोख असणार, असं आपलं माझं गणित.

"मोतीबिंदूची किती केली?"

"साडेतीन हजारांच्या वर."

मी तोंडानं 'बरं' म्हणालो, पण आकडा मनात पक्का घोकून ठेवला. मग ज्यासाठी एवढा सगळा घाट घातला होता तो प्रश्न मी विचारला. आवाज शक्य तितका बोर्डाच्या कामाचा ठेवला.

"आन बिघडली किती?"

स्टँडवरून कुठली तरी गाडी सुटल्याची घोषणा झाली. ती संपल्यावर डॉक्टरांनी मलाच विचारलं,

"हेसुद्धा बोर्डावर लिहिणार आहात?"

"लिवायचं का न्हाई ते तुमी ठरवा. मला ऐकायचंय."

"तिघांची," त्या म्हणाल्या. "दोघांची मला पुन्हा सांभाळता आली. एका आजींचा डोळा नाही वाचवता आला, जंतुसंसर्ग झाला. मी नवीन होते, पण नवीन होते म्हणून झालं असं नाही, अनुभवी माणसाच्या हातूनही होतं ते. त्या आजींचं नाव मला अजून पाठ आहे. तेव्हापासून हत्यारं उकळून निघाली की नाहीत, हे मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही."

आजवर शंभर डॉक्टरांचे बोर्ड लिहिले असतील, पण आपल्या हातून काय बिघडलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

"तुमी असं करा," मी शेवटी म्हणालो, "खाली एक ओळ घाला. 'जे विचाराल ते सांगेन.'"

"घाला," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दोन्ही बोर्डांना मला आठ दिवस लागले. पूर्वी दोन दिवसांचं काम. मी दोरीला खडू लावून पत्र्यावर रेघ झटकायचो, ती रेघ बोटानं चाचपायचो आणि अक्षर हातावर सोडून द्यायचो. हाताला तीस वर्षांची सवय होती, त्याला डोळ्यांची फारशी गरज राहिली नव्हती. 'वृषाली'तला 'वृ' तीनदा पुसला, पण काढला. गडद हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. सगळं झाल्यावर मी दहा पावलं मागे जाऊन बघितलं. अक्षरं नीट दिसली नाहीत, पण पांढरा मात्र झकास उठला होता. पांढऱ्यावर माझा पहिल्यापासून हात होता. कोपऱ्यात सही केली, साल टाकलं आणि रिक्षात घालून बोर्ड दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी आतला बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"अक्षर फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पेंटरकाका, पांढरा रंग कुठला वापरता?"

"साधाच. फकस्त त्यात थेंबभर निळा घालतो. उस्तादांची शिकवण. नुसता पांढरा पिवळट दिसतो, निळ्यानं खुलतो. समदे पेंटर घालत्यात."

"थेंबभरच?"

"आता… अंदाजानं. पांढरा दिसंस्तवर."

त्या कोपऱ्यातल्या सालाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "तुमचे जुने बोर्ड बघायचेत मला. आत्ता वेळ आहे?"

त्यांनी स्कूटर काढली. मी मागे बसलो. भर बाजारातून डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरवर मागे हरी पेंटर, दोन्ही हात कुठे ठेवावेत या विवंचनेत. चौकातला पानवाला "पेंटर, कुठं?" म्हणून ओरडला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. दिसत असल्याचं आणि ऐकू येत नसल्याचं, अशी दोन सोंगं एका वेळी आणणं मला जड जात नव्हतं.

पहिला बोर्ड सराफकट्ट्यावरचा, एक्क्याण्णव सालचा. "हा कसा वाटतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिवळा पडला," मी म्हणालो. "अकरा वर्सं ऊन खाल्लं त्यानं."

दुसरा सत्त्याण्णवचा, यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा. "ह्यो बरा हाय. जरा मळलाय." तिसरा, गेल्याच दिवाळीतला, बाबूशेठ तारळेकरांच्या किराणा दुकानावरचा. तो बघून मला भरून आलं. "ह्यो बगा. ह्याला म्हंत्यात पांढरा. दुधावानी."

डॉक्टर स्कूटरवरून उतरल्या आणि दुकानात डोकावल्या. "शेठ, तुमच्या बोर्डावरची अक्षरं कुठल्या रंगाची आहेत हो?"

बाबूशेठ गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"निळी," ते म्हणाले. "आकाशी म्हणा. मी पांढरी सांगितली होती, पण पेंटर म्हणाला ही पांढरीच. म्हटलं, नवीन फॅशन असेल. का, काय झालं?"

"कायसुदीक न्हाई," मी म्हणालो. बाबूशेठ मला चेष्टा करणारे वाटेनात. त्यांनी आजवर माझी चेष्टा केलीच नव्हती, केली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर मला बाजूला, बंद दुकानाच्या पायरीवर घेऊन गेल्या. त्याही शेजारी बसल्या.

"एक्क्याण्णवचा बोर्ड पांढरा आहे," त्या हळू म्हणाल्या. "थोडा जुनाट, पण पांढरा. सत्त्याण्णवचा किंचित निळसर. हा चक्क निळा. आणि माझा त्याहून निळा. डोळ्यातलं भिंग जसजसं पिवळं पडत जातं, तसतसा निळा रंग आत कमी पोचतो. म्हणून तुम्हाला प्रत्येक पांढरा पिवळा दिसतो आणि तुम्ही थेंब वाढवता. मी पेशंटला बॅटरी लावून तपासते तेव्हा कळतं, मोतीबिंदू किती पिकलाय. तुमचा मला रस्त्यावरून कळला. तुमच्या डोळ्यांचा रिपोर्ट तुम्हीच गावभर लिहून ठेवलाय, काका. सालासकट, सहीसकट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं जे गुपित मी बायकोपासून लपवून ठेवलं, ते चौकाचौकांत एक एक फूट उंचीच्या अक्षरांत टांगलेलं होतं. आणि लोक रोज त्याखालून साखर घेऊन जात होते. मी मान खाली घालून बसलो. मग काय झालं कुणास ठाऊक, उस्तादांची सगळी हकिगत मी डॉक्टरांना सांगून टाकली. शिबिर, डोळा, ती नऊ वर्षं, ती माझी बोटं चाचपणं.

डॉक्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही. नंतर म्हणाल्या, "माझ्याविषयी सगळं विचारलंत तुम्ही. स्वतःविषयी एकही प्रश्न नाही विचारलात. शेवटची ओळ तुमचीच ना? विचारा."

मी विचारलं, "माझा ब्रश ऱ्हाईल का?"

"राहील असं मला वाटतं. शंभर टक्के मी कुणालाच म्हणत नाही, तुम्हालाही म्हणणार नाही. लांबचं स्वच्छ दिसेल. बारीक कामाला चष्मा लागेल. आणि नाही केलंत, तर वर्षभरात तुम्हाला पत्रा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळणार नाही. हे मात्र शंभर टक्के."

"कवा येऊ?" मी म्हणालो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी घरी सांगितलं. वाटलं होतं, माझी बायको शेवंता ऊर बडवेल. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बरं. मग धोतर नगं, पायजमा घाला. टेबलावर चढायचं आसंल." आणि भाकरी उलटली. मला जरा रागच आला. नवऱ्याचा डोळा कापणार, आणि हिला पायजम्याची काळजी.

ऑपरेशनाचं सांगण्यासारखं काही नाही. डोळ्याशेजारी एक सुई टोचली, मग वर मोठा दिवा आणि पाण्यात हलल्यासारखे रंग. डॉक्टर मधूनमधून बोलत होत्या. "आता जुनं भिंग काढतेय. आता नवीन बसवतेय. खोकला आला तर आधी सांगा." मी विचारलं, "हत्यारं तुमी सोता बगितली का?" तोंडावरच्या फडक्याआडून त्या म्हणाल्या, "सकाळी सहाला." मग मी निवांत पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी काढली.

पहिली दिसली ती भिंत. एवढी पांढरी भिंत मी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. तिच्यावर माझा बोर्ड होता आणि त्यावरची अक्षरं निळी होती, चांगली धुण्याच्या निळीसारखी. मला हसू फुटलं. बिचारे बाबूशेठ. मग मी मान वळवली. समोर पांढऱ्या कोटात एक पोरगी उभी होती. केसांची वेणी, कपाळावर बारीक टिकली, वय असेल तीस-बत्तीस.

"डॉक्टर कुठं हायत?" मी तिला विचारलं.

"मीच डॉक्टर, काका."

तो आवाज त्या पोरीच्या तोंडातून आला. मी आधी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"तुमी एवढ्या ल्हान हाय हे आदी दिसलं असतं," मी म्हणालो, "तर मी त्या टेबलावर चढलोच नसतो."

डॉक्टर खळखळून हसल्या. पण त्यांच्याही आधी कोपऱ्यातून दुसरं कुणीतरी हसलं. शेवंता. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होती. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि केस निम्मे पांढरे झाले होते. ते कधी झाले मला माहीतच नव्हतं.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "म्हनून तर बोलली न्हाई मी. तुमाला म्हातारी डॉक्टर पायजे हुती, म्हातारी ऱ्हाऊ दिली."

"तू ह्यास्नी कवा बगितलं?"

शेवंतानं डॉक्टरांकडे बघितलं. तेव्हा डॉक्टरांनी कपाटामागून एक स्टीलची चकचकीत पाटी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर त्यांचं नाव, डिग्र्या, वेळ, सगळं कोरलेलं होतं. बाहेर लावायची पाटी, सांगलीहून करून आणलेली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतली.

"मला बोर्ड नकोच होता, काका. दवाखाना सुरू झाला त्या आठवड्यात मावशी आल्या. म्हणाल्या, 'माझ्या मालकांना दिसत नाही, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. बोलावलं तर यायचे नाहीत. तुम्ही बोर्ड लिहायला द्या, बोर्डासाठी कुठंही येतील.' दोन महिने वाट बघितली मी, म्हटलं आपणहून याल. तुम्ही दारात वाकायचात आणि जायचात. निळ्याचं तेवढं मावशींनाही माहीत नव्हतं, ते मी शोधलं."

मी शेवंताकडे बघितलं. ती लुगड्याचा काठ सारखा करत होती.

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

"दोन वर्सं झाली. रंगाचं डबं रोज सांजच्याला वळीनं कोन लावत हुतं? पांढरा डाव्या अंगाला, त्याच्यामागं निळा, मग तांबडा, मग काळा. तुमी हात घातला की बरोबर गावायचा, ते काय आपोआप?"

मला वाटत होतं, डब्यांची जागा माझ्या पक्की लक्षात आहे. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, ती हिची होती. दोन वर्षं आम्ही एकाच घरात, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, आणि तिनं लपवलेली माझ्यापेक्षा फार जड होती. मी काही बोलायला गेलो तर ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "आज रडायचं नाही हं, काका." म्हणून मी ते तिथेच आवरलं.

दुसरा डोळा कधी करायचा, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. शेवंताला विचारलं.

"पुढच्या म्हैन्यात, चार तारखंला," ती म्हणाली. "मी सांगून ठेवलंय."